निकुमारोरो: फसलेली वसाहत, पाण्याचा दुष्काळ आणि अमेलिया एअरहार्ट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा करताना १९३७ मध्ये गायब झालेली अमेरिकन वैमानिक अमेलिया एअरहार्ट, तिचं विमान कुठे गेलं यावर इंटरनेटवर ढीगभर व्हिडिओ आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांत तरी निकुमारोरो हे नाव येतं. पण ते बेट म्हणजे नुसतं "विमान पडलं असेल ती जागा" नाहीये. तिथे माणसं राहायला गेली होती, घरं बांधली, नारळ लावले आणि पंचवीस वर्षांत सगळं सोडून जावं लागलं. ती वसाहत समजून घेतल्याशिवाय अमेलियाचं कोडंही नीट कळत नाही असं माझं ठाम मत आहे, कारण जे पुरावे म्हणून आपल्याला दाखवले जातात त्यातले सगळ्यात महत्त्वाचे त्या वसाहतीतल्या लोकांमुळेच मिळालेत, आणि बाकीचे त्यांच्या तिथे राहण्यामुळेच संशयाच्या घेऱ्यात आलेत. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न एकत्र केलेत.

हे बेट नक्की आहे कुठे?

पॅसिफिकच्या मधोमध, विषुववृत्ताच्या थोडं खाली, फिनिक्स बेटांच्या समूहात. आज ते किरिबास देशात येतं (किरिबाती असंही लिहितात). शाळेच्या भूगोलात कंकणद्वीप शिकलो होतो ना, तेच. मधे लगून (खाऱ्या पाण्याचं उथळ तळं) आणि भोवती जमिनीची अरुंद कड. लांबी साधारण साडेसात किलोमीटर, रुंदी अडीच, पण त्यातला बराचसा भाग लगूनच, पाय ठेवायला जमीन कमीच. जुन्या नकाशात गार्डनर बेट असं नाव सापडेल. निकुमारोरो हे नाव गिल्बर्ट बेटांवरून (तीही आज किरिबासमध्येच) आलेल्या लोकांनी दिलं, त्यांच्या नेई मांगानिबुका नावाच्या पूर्वजदेवीच्या कथेत या नावाची जागा आहे आणि इथली उंच बुका झाडं बघून त्यांना ती हीच वाटली.

अमेलियाचा याच्याशी काय संबंध?

२ जुलै १९३७. अमेलिया आणि तिचा नॅव्हिगेटर फ्रेड नूनन लॉकहीड इलेक्ट्रा विमानातून न्यू गिनीतल्या ले गावाहून निघाले, जायचं होतं हाउलंड बेटावर, म्हणजे चार हजार किलोमीटरच्या वर समुद्र आणि शेवटी दोन-अडीच किलोमीटर लांबीचा एक सपाट ठिपका शोधायचा. तिथे अमेरिकन कोस्ट गार्डचं इटास्का जहाज वाट बघत थांबलं होतं, धूर सोडत होतं. जहाजावरच्या लोकांना तिचा आवाज अगदी जवळून आल्यासारखा स्पष्ट ऐकू येत होता, पण त्यांचं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं. आपण तुमच्या डोक्यावरच असायला हवं पण दिसत नाही, पेट्रोल संपत आलंय, अशा अर्थाचा मेसेज आला. मग सकाळी पावणेनऊच्या सुमाराला शेवटचा, की आम्ही १५७-३३७ या रेषेवर (होकायंत्राच्या १५७ आणि ३३७ अंशांच्या दिशांना जाणारी रेषा) आहोत आणि उत्तर-दक्षिण उडतोय. त्यानंतर इटास्काला तिचा आवाज आला नाही.

आता ती रेषा हाउलंडवरून दक्षिण-आग्नेयेला वाढवत नेली की साधारण साडेसहाशे किलोमीटरवर निकुमारोरोच्या जवळून जाते. म्हणजे हाउलंड सापडलं नाही म्हणून ते रेषेवरून दक्षिणेला येत राहिले आणि ओहोटीच्या वेळी कोरड्या पडलेल्या रीफवर (किनाऱ्यालगतच्या प्रवाळाच्या सपाट खडकावर) विमान उतरवलं, असा हा तर्क. पुढच्या काही रात्री तिचे म्हणून काही रेडिओ सिग्नल ऐकल्याचे दावे झाले, त्यातल्या काहींची दिशा पॅन अमेरिकन एअरवेजच्या स्टेशनांनी मोजली तेव्हा ती फिनिक्स बेटांकडे जात होती.

ती भारतातूनही गेली होती म्हणे?

हो, अगदी शेवटच्या महिन्यात. १५ जून १९३७ ला तांबड्या समुद्राकाठच्या असाबहून ती थेट कराचीला उतरली, तिथे उंटावर बसली त्याचे फोटो आहेत. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातून वेगळं होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तिथून १७ जूनला देश आडवा ओलांडून कलकत्त्याचं डमडम. पुढे ब्रह्मदेशात अक्याबहून उडाल्यावर मान्सूनने असं गाठलं की परत फिरावं लागलं. म्हणजे पावसातून वाट काढत गेलेली ही बाई, आणि ज्या बेटाशी तिचं नाव जोडलं गेलं तिथे मुख्य अडचण पावसाच्या पाण्याची.

वसाहतीच्या आधी तिथे कोणी राहायचं का?

कायमचं नाही. १८९२ मध्ये ब्रिटिशांनी बेटावर हक्क सांगितला आणि जॉन अरुंडेल नावाच्या व्यापाऱ्याने नारळ लावायला मजूर नेले, पत्र्याची छपरं घातली, दुष्काळ पडला आणि थोड्याच काळात ते सोडून द्यावं लागलं. म्हणजे पहिलाच प्रयत्न पाण्यावाचून मेला, हे लक्षात ठेवा.

मग नोव्हेंबर १९२९ मध्ये नॉर्विच सिटी हे ब्रिटिश मालवाहू जहाज वादळात वायव्य टोकाच्या रीफवर चढलं आणि पेटलं. ३५ जणांपैकी ११ गेले, बाकीच्यांनी काही दिवस किनाऱ्यावर काढले आणि मग त्यांची सुटका झाली. त्या जहाजाचा गंजलेला सांगाडा पुढे कित्येक वर्षं तिथे उभा होता आणि या सगळ्या गोष्टीत तो सारखा मधे येतो.

अमेलियाला शोधायला कोणी तिथे गेलंच नाही का?

गेले ना. ९ जुलै १९३७ ला यूएसएस कोलोरॅडो या युद्धनौकेवरची विमानं बेटावरून फिरली. लेफ्टनंट लॅम्ब्रेक्टने रिपोर्टमध्ये लिहिलं की अलीकडे माणसं राहिल्याच्या खुणा दिसल्या, पण घिरट्या घालूनही कोणी हात हलवला नाही. कोणी उतरलं नाही, विमानं पुढच्या बेटाकडे गेली. गंमत नाही ही, कारण १८९२ च्या मजुरांनंतर आणि १९२९ च्या खलाशांनंतर तिथे कोणाची वस्ती नव्हती, मग "अलीकडच्या" खुणा कुणाच्या? पण हेही खरं की वरून बघून खूण किती जुनी आहे ते कळत नाही, आणि विमान त्यांना दिसलं नाही.

मग असल्या कोरड्या बेटावर ब्रिटिशांनी वसाहत का केली?

दोन कारणं. दक्षिण गिल्बर्ट बेटांवर माणसं वाढली होती आणि जमीन पुरत नव्हती, ही खरी अडचण होती. दुसरं म्हणजे अमेरिकेचा याच फिनिक्स बेटांवर डोळा होता, पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानांना थांबायला जागा हव्या होत्या, त्यामुळे बेटावर आपली माणसं राहत असतील तर हक्क पक्का होतो असा हिशोब. ऑक्टोबर १९३७ मध्ये, म्हणजे अमेलिया गायब झाल्यावर तीनच महिन्यांनी, हॅरी मॉड आणि एरिक बेव्हिंग्टन हे दोन ब्रिटिश अधिकारी गिल्बर्टच्या प्रतिनिधींना घेऊन पाहणीला आले. बेव्हिंग्टनने नॉर्विच सिटीचा एक साधा फोटो काढला, त्याच्या डाव्या कडेला पाण्यातून वर आलेलं काहीतरी दिसतं. ते इलेक्ट्राचं चाक आणि त्याचा दांडा आहे असं सत्तर वर्षांनंतर काही जण म्हणायला लागले. मला तो फोटो कितीही मोठा करून बघितला तरी एक काळा ठिपका यापलीकडे काही दिसत नाही.

डिसेंबर १९३८ मध्ये पहिले दहा गिल्बर्टी कामगार उतरले. ऑरोना (तेव्हाचं हल), मानरा (सिडनी) आणि निकुमारोरो अशी तीन बेटं या फिनिक्स योजनेत होती. झाडी तोडायची, नारळ लावायचे, विहिरी खणायच्या, मग बायकापोरं आणायची असा क्रम. तेनग कोआटा हा इथला पहिला स्थानिक न्यायाधीश.

गॅलगर कोण होता? त्याचं नाव सगळीकडे येतं.

जेराल्ड गॅलगर, योजनेचा ब्रिटिश अधिकारी, वय तिशीच्या आतलं. सप्टेंबर १९४० मध्ये त्याने आपलं मुख्य ठाणं निकुमारोरोला आणलं. त्याच्या तारा वाचल्या तर कळतं की माणूस मनापासून राबत होता, फक्त कागदावरची वसाहत नव्हती ती त्याच्यासाठी. रुंद रस्ता आखला, ठाणं बांधलं. आणि २७ सप्टेंबर १९४१ ला, २९ व्या वर्षी, आजाराने तिथेच गेला. झेंड्याच्या खांबाजवळ त्याला पुरलं. त्याच्यानंतर युद्ध पॅसिफिकमध्ये पसरलं, जहाजं येणं कमी झालं आणि लहान वसाहतीला ज्या माणसाचा आधार होता तोही नाही अशी स्थिती झाली.

ते हाडांचं प्रकरण काय आहे?

गॅलगर येण्याआधीच कामगारांना बेटाच्या आग्नेय टोकाकडे एक कवटी सापडली होती आणि त्यांनी ती पुरून टाकली होती. सप्टेंबर १९४० मध्ये गॅलगरच्या कानावर आलं. त्याने जागा शोधली तर आणखी हाडं, विस्तवाच्या खुणा, पक्ष्यांची आणि कासवाची हाडं, बायकांच्या बुटाचा असावा असा एक तळ, आणि सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांवरून आपली जागा काढायचं उपकरण) ठेवायची रिकामी लाकडी पेटी. एक बेनेडिक्टिन दारूची बाटलीही होती, ती कोआटा आधीच गिल्बर्ट बेटांतल्या तारावाला घेऊन गेला होता. गॅलगरला लगेच अमेलिया आठवली आणि त्याने तसं वरिष्ठांना तारेने कळवलंसुद्धा. वरून उत्तर आलं की सध्या हे गुप्त ठेवा.

१३ हाडं फिजीला सुव्हाला गेली. तिथे एप्रिल १९४१ मध्ये डॉ. हूडलेस यांनी मापं घेऊन सांगितलं की हा पुरुष आहे, मध्यमवयीन, उंची साधारण साडेपाच फूट, युरोपियन किंवा मिश्र वंशाचा. फाइल बंद. पुढे ती हाडंच हरवली, आजतागायत सापडलेली नाहीत. आणि या सगळ्या पत्रव्यवहाराचा पत्ता जगाला लागला तो १९९७-९८ मध्ये, तारावा आणि इंग्लंडमधल्या जुन्या सरकारी कागदांत.

हे वाचून मला जे वाटतं ते सांगतो. ज्या कामगारांनी ती कवटी पाहिली, माणसाची आहे म्हणून मान देऊन पुरली, ते नसते तर या बेटाबद्दल बोलायला आपल्याकडे फार काही उरलंच नसतं, आणि त्यांची नावं मात्र कुठल्याच व्हिडिओत नसतात.

हाडं अमेलियाची होती की नाही?

हाडं नाहीत, फक्त हूडलेसने लिहिलेली मापं आहेत, त्यामुळे भांडण मापांवर चालू आहे. १९९८ मध्ये दोन मानववंशशास्त्रज्ञांनी मापं आजच्या पद्धतीने लावली आणि म्हणाले उंच युरोपियन बाई असू शकते. २०१५ मध्ये दुसऱ्या दोघांनी म्हटलं हूडलेसचंच बरोबर होतं. २०१८ मध्ये रिचर्ड जॅन्ट्झ यांनी अमेलियाच्या फोटोंवरून आणि कपड्यांवरून तिच्या हाडांची लांबी काढून तुलना केली, निष्कर्ष असा की संदर्भासाठी घेतलेल्या माणसांपैकी ९९ टक्क्यांपेक्षा ती या हाडांशी जास्त जुळते. बातम्यांत याचं "९९ टक्के खात्री" झालं. ते चूक आहे. ती जास्त जुळते एवढंच म्हटलंय, आणि तेही १९४१ ची मापं बरोबर होती असं धरून.

शिवाय नॉर्विच सिटीवर मेलेल्या सगळ्यांचे मृतदेह मिळाले नव्हते. सेक्स्टंटच्या पेटीचंही तसंच, १९३९ मध्ये अमेरिकन नेव्हीचं बुशनेल जहाज सर्व्हेला येऊन गेलं होतं, पेटी त्यांची असू शकते.

कवटी आणि थोडीच हाडं कशी? बाकीचा सांगाडा कुठे गेला?

नारळखेकडे. जमिनीवरचा जगातला सगळ्यात मोठा खेकडा, झाडावर चढतो, नारळ फोडतो, मांस ओढून नेतो. संशोधकांनी तिथे डुकराचं मढं ठेवून प्रयोग केला, खेकड्यांनी ते साफ केलं आणि काही हाडं लांबवर ओढून नेली. गॅलगरनेही खेकड्यांवरच संशय घेतला होता.

वसाहत नक्की कशामुळे फसली?

पाणी. बाकी सगळी कारणं त्याच्या मागून येतात.

कंकणद्वीपावर नदी नाही, ओढा नाही. पाऊस पडतो तो सच्छिद्र प्रवाळात मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तयार होतो, गरम वरणावर तूप तरंगावं तसा. गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं. हा थर किती जाड असेल ते जमिनीच्या रुंदीवर आणि पावसावर अवलंबून. निकुमारोरोवर जमिनीची कड इतकी अरुंद की दोन्ही बाजूंनी, समुद्राकडून आणि लगूनकडून, खारं पाणी आत शिरतं. त्यात हा भाग विषुववृत्ताजवळच्या कोरड्या पट्ट्यात येतो, ला निनाच्या काळात (पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा थंड असतं तेव्हा) महिनोन्महिने पाऊस नाही. थर पातळ होतो, विहिरीचं पाणी मचूळ होतं, जास्त उपसलं तर खारंच वर येतं. पावसाचं पाणी साठवायला टाक्या होत्या पण टाकी भरायलाही पाऊस पडावा लागतोच. आणि ज्या नारळावर सगळी मदार, ज्याच्या खोबऱ्यावर पैसे मिळणार, तो नारळही त्याच थरातून पाणी पितो, म्हणजे दुष्काळात प्यायला पाणी नाही आणि विकायला खोबरंही नाही.

गिल्बर्टी लोक अशा जमिनीवर पिढ्यानपिढ्या राहिलेले, कोरड्या बेटावर शेती कशी करायची हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसेल, तेव्हा "त्यांना जमलं नाही" असं कोणी लिहिलेलं वाचलं की मला राग येतो. बेटच तेवढं देणारं नव्हतं. पन्नासच्या दशकात तिथे शंभराच्या आसपास माणसं होती, तेवढीही त्याला झेपली नाहीत. १९६३ मध्ये सरकारने योजना गुंडाळली.

युद्धाचाही वाटा आहेच. पण १९४४ ते ४६ मध्ये अमेरिकन कोस्ट गार्डचं लोरान (जहाजं-विमानांना दिशा दाखवणारं) रेडिओ स्टेशन आग्नेय टोकाला होतं, त्या काळात उलट चहलपहल होती, गावकरी त्यांना हाताने केलेल्या वस्तू विकायचे.

मग ती माणसं गेली कुठे?

सॉलोमन बेटांवर, तेही तेव्हा ब्रिटिशांच्याच ताब्यात. मानराची माणसं आधीच गिझोला गेली होती, निकुमारोरो आणि ऑरोनाची मुख्यतः वाघिनाला. म्हणजे एका पिढीत दोनदा घर उचललं. नवी जागा हिरवी, पाऊस भरपूर, पण जमिनीचे हक्क दुसऱ्यांचे, त्यावरून तणाव आजही आहेत. २ एप्रिल २००७ च्या त्सुनामीत गिझोवरचं तितियाना हे गिल्बर्टी गाव उद्ध्वस्त झालं. वाघिनाच्या लोकांना बॉक्साइट खाणीविरुद्ध कित्येक वर्षं लढावं लागलं, २०१९ मध्ये त्या खाणीची पर्यावरण परवानगी रद्द झाली. अमेलियाच्या गोष्टीत रस असणाऱ्यांनी हा भागही वाचावा असं मनापासून वाटतं.

टायगर ग्रुपला बेटावर काय काय मिळालं?

टायगर ही जुन्या विमानांचा शोध घेणारी अमेरिकन संस्था, रिक गिलेस्पी तिचे प्रमुख, १९८९ पासून त्यांच्या मोहिमा चालू आहेत. जिथे हाडं सापडली असावीत त्या जागेवर त्यांना तीसच्या दशकातली कपड्याची चेन (झिप), चाकूचे तुकडे, कॉम्पॅक्टचे (पावडरच्या छोट्या डबीचे) तुकडे, डागांवरच्या क्रीमच्या बरणीसारखी एक बरणी, विस्तव पेटवल्याच्या जागा मिळाल्या. ऐकायला भारी वाटतं. पण त्याच टोकाला कोस्ट गार्डचे जवान होते, गावकरी येत-जात होते, नेम धरून गोळ्या झाडल्याच्याही खुणा आहेत. प्रत्येक वस्तूला दुसरा मालक असू शकतो.

सगळ्यात गाजला तो १९९१ मध्ये मिळालेला ॲल्युमिनियमचा पत्रा. इलेक्ट्राच्या खिडकीवर लावलेली पट्टी म्हणून वर्षानुवर्षं चर्चा, शेवटी तो डग्लस सी-४७ या लष्करी मालवाहू विमानाच्या पंखाशी जुळला. युद्धात सिडनी बेटावर (म्हणजे मानरावर) एक सी-४७ पडलं होतं आणि गावकरी अशा विमानांचा पत्रा आणून त्याचे कंगवे, नक्षीकाम करायचे. म्हणजे हा अमेलियाचा पुरावा वसाहतीतल्या कारागिरांचा कच्चा माल निघाला.

विमान सापडल्याच्या बातम्या येतात त्यांचं काय?

२०१७ चा मार्शल बेटांवरचा फोटो, जपान्यांनी पकडलं म्हणणारा, तो १९३५ मध्ये छापलेल्या जपानी पुस्तकात होता, म्हणजे तिच्या दोन वर्षं आधीचा. २०२४ च्या सुरुवातीला आलेलं हाउलंडजवळचं सोनार चित्र, विमानासारखं दिसणारं, वर्षअखेरीस खडक निघालं. २०१९ मध्ये टायटॅनिक शोधणारे रॉबर्ट बॅलार्ड निकुमारोरोला गेले, रीफचे उतार खालपर्यंत तपासले, विमान नाही. आता लगूनमधल्या ताराइया नावाच्या जागी सॅटेलाइटमध्ये दिसलेल्या लांबट वस्तूसाठी पर्ड्यू विद्यापीठाने २०२५ मध्ये मोहीम जाहीर केली, ती पुढे ढकलली गेली. याच विद्यापीठाने इलेक्ट्रासाठी पैसे उभे केले होते, म्हणून त्यांना आस्था असणं साहजिक आहे. पण गिलेस्पींनाच त्या वस्तूबद्दल शंका आहे, हे बातमीत तळाला असतं.

ती तिथे उतरली असेल तर किती दिवस जगली असेल?

खायला होतं. पक्षी, कासवं, मासे, खेकडे, अरुंडेलच्या वेळचे थोडे नारळ. पण पाणी? खोड-पानांतून टिपलेलं, पाऊस पडला तर शिंपल्यात साठवलेलं. जिथे विहिरी आणि टाक्या असलेली शंभर माणसं टिकली नाहीत तिथे दोन जखमी, दमलेली माणसं किती काळ काढणार. ९ जुलैला विमानं आली तेव्हा जर ती सावलीत, झाडीत असेल तर वरून दिसणं अवघडच.

तुमचं मत काय?

बहुतेक विमान हाउलंडच्या आसपास समुद्रात गेलं असावं. तासांचा हिशोब, पेट्रोल, आवाजाची तीव्रता हे सगळं तिकडेच बोट दाखवतं. पण त्या आग्नेय टोकाला झाडाखाली कोणीतरी एकटं मेलं, विस्तव पेटवून, कासव भाजून, आणि ते माणूस कोण हे कळायला हवं, मग ते अमेलिया असो, नॉर्विच सिटीचा खलाशी असो की आणखी कोणी बेटवासी.

तिथे जाता येतं का?

विमानतळ नाही, बंदर नाही, वस्ती नाही, फिजीहून बोटीने पाचेक दिवस आणि किरिबास सरकारची परवानगी लागते. सगळा भाग फिनिक्स बेटांच्या संरक्षित क्षेत्रात येतो, साधारण ४ लाख चौरस किलोमीटर, २०१० पासून जागतिक वारसा यादीत. २०२१ मध्ये सरकारने तिथली मासेमारीबंदी उठवायचं ठरवलं कारण देशाचं उत्पन्न बरंचसं मासेमारीच्या परवान्यांवर चालतं. फिनिक्स बेटांपैकी आज फक्त कँटनवर थोडी माणसं राहतात.